नांदेडला गेलेला दिलरुबा

१ डिसेंबर, रविवार

दिलरुबा विकला.

लिहून बघितलं. काही वाटलं नाही. नऊ वर्षं तो कपाटावर गवसणीत पडून होता. या महिन्यात जायचंय त्या नव्या फ्लॅटमध्ये कपाटं भिंतीतली आहेत, वर हात घालायलाही जागा नाही. पुतणीनं मोबाइलवर जाहिरात टाकून दिली तेव्हा मी हसले होते. लातुरात दिलरुबा म्हणजे काय हेच आधी सांगावं लागतं. सतारीसारखे पडदे असतात, पण छेडायचा नाही, गजानं वाजवायचा, असं मी तीस वर्षं सांगत आले. पण फोन आला तो नांदेडहून. तिकडं गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला दिलरुबा असतो.

मुलीचं नाव ऋतुजा. असेल सव्वीस-सत्तावीसची. मूळ हिमायतनगरची, नांदेडात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. ड्युटी सुटली की गुरुद्वाऱ्यात जाऊन बसायची, ऐकून ऐकून वेड लागलं म्हणे. सहा महिने तिथल्याच एका भाईजींकडं मागून आणलेल्या वाद्यावर शिकून राहिली. गवसणी काढली तेव्हा तिनं आधी हात ओढणीला पुसले, मग वाद्याला लावले. मला ते जरा नाटकी वाटलं.

"काकू, एकदा वाजवून दाखवता?" म्हणाली.

"तारा जुन्या झाल्यात," मी म्हणलं.

हे तिथंच बसले होते. "उज्वला, बघ बरं. इचार केलास ना?" म्हणाले. सकाळीही हेच विचारलं होतं. आपण पाहुण्यांसमोर दोनदा तेच विचारलं तर बाईमाणसाला कसं वाटतं, हे महांतेशरावांना कधी कळायचं नाही. मी म्हणलं, विचार करूनच बोलावलंय. वाद्य तिनं भाड्यानं आणलेल्या गाडीत ठेवायला हे खाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत. भाजीवाल्याशी बोलत उभे राहिले असतील.

कपाटावरची धूळ पुसली. दिलरुब्याच्या आकाराची जागा तेवढी स्वच्छ होती.

४ डिसेंबर, बुधवार

औशाला बाजार समितीत दिवसभर सोयाबीनच्या पावत्या. बसमध्ये बसले तोच ऋतुजाचा फोन. तरफा लागत नाहीत म्हणे, म्हणजे खालच्या त्या बारीक तारा, ज्या आपोआप घुमतात.

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही," मी म्हणलं. "कान लागतो."

"तुम्ही कुणाकडं शिकलात, काकू?"

"उदगीरचे गुरुबसप्पा मास्तर."

बोलून गेले. पण त्यात काय बिघडलं? मास्तर चौऱ्याऐंशीचे झाले. सहा-सात वर्षांपासून कुणालाच शिकवत नाहीत, असं ऐकून आहे. आल्या पावली परत पाठवतील.

१५ डिसेंबर, रविवार

परत पाठवलं नाही.

दुपारी मोबाइलवर फोटो आला. मास्तर त्यांच्या ओसरीवर मांडी घालून बसलेत, अंगात तीच बंडी, कपाळाला विभूती, आणि खांद्याला माझा दिलरुबा. खाली लिहिलं होतं, "मास्तरांनी बघताक्षणी ओळखला. म्हणाले, हा उज्वलाचा दिलरुबा. दर रविवारी ये म्हणालेत."

नांदेडहून उदगीर म्हणजे जायला तीन तास, यायला तीन. तरी जाणार म्हणे.

कधी कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते. मी मास्तरांकडं एकवीस वर्षं शिकले. नोकरी लागली, लग्न झालं, तरी महिन्यातून दोनदा उदगीर चुकवलं नाही. नऊ वर्षांखाली गुरुपौर्णिमेला त्यांच्या ओसरीवर चाळीस माणसं होती. मी पिलू राग वाजवत होते. मध्येच मास्तरांनी हात वर केला आणि म्हणाले, "पुरे." एवढंच. पुढं एका पोराचा तबला सुरू झाला. मी गवसणी घातली, बस धरली, आणि परत गेले नाही. त्यांनीही निरोप धाडला नाही. एकवीस वर्षांत "चांगलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. "पुरे" मात्र ऐकायला मिळाला.

आणि हिला म्हणतात दर रविवारी ये.

१७ डिसेंबर, मंगळवार

फोटो काढून टाकला. मग पुतणीला विचारून परत आणला. मास्तरांचा डावा हात थरथरतो की काय बघायचं होतं. फोटोत कळत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज व्हिडिओ. तीन मिनिटांचा. मास्तर दिसत नाहीत, फक्त मधून मधून त्यांचं "हं" ऐकू येतं. मी ते "हं" मोजले. सहा.

एकवीस वर्षांत एका बैठकीत मला तीनच्या वर "हं" कधी मिळाले नसतील.

वाजवते कशी, तर कच्ची आहे. मनगट ताठ. मधल्या सप्तकात सूर किंचित खाली. हे मी रागानं लिहीत नाही, कान सांगतो ते लिहिते. पण वाद्याचा आवाज मोकळा झालाय. माझ्याकडं तो दाबून बोलायचा. मला वाटायचं लाकूडच तसं आहे.

हे मागं येऊन उभे होते. "छान वाजवते की पोरगी," म्हणाले. मी म्हणलं, तुम्हाला सुतळी-बारदानातलं कळतं, सुरातलं नाही. हे तसेच गोलाईच्या बाजारातल्या दुकानावर गेले. जेवायलाही घरी आले नाहीत, डबा मागवला.

मला हेवा वाटत नाही. पोरीचं वय काय, माझं काय. फक्त वाद्य चुकीच्या हातात पडलं, याचं वाईट वाटतं.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, वेळ अमावास्या. रेणापूरला नणंदेच्या शेतात गेलो. ज्वारी डोक्याएवढी, हरभरा घाट्यावर आलेला. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. चाळीस-पन्नास माणसं जेवायला. सगळं नेहमीसारखं.

जेवणं झाल्यावर यांनी मोबाइल काढला आणि सगळ्यांना ऋतुजाचा व्हिडिओ दाखवला. नवा होता. मला आलेला नव्हता. म्हणजे ती यांनाही पाठवते.

"हा आमचा दिलरुबा," हे सांगत होते. "आमच्या उज्वलाचा. नांदेडला हाय आता."

नणंद म्हणाली, "वैनी, तुमी कवा असं वाजवलेलं ऐकलं न्हाई आमी."

मी आंबिलीचा तांब्या खाली ठेवून विहिरीकडं गेले. पाण्यात बघत किती वेळ उभी होते माहीत नाही.  या शेतात मी तीनदा वाजवलंय. एकदा याच बाईच्या डोहाळजेवणाला. तिला आठवत नाही.

परत येताना गाडीत ठरवलं.

२ जानेवारी, गुरुवार

फोन केला. आधी कागदावर लिहून काढलं होतं, तसंच बोलले. म्हणलं, "ऋतुजा, एक अडचण झाली. तो दिलरुबा माझ्या आईनं घेऊन दिलेला. मला विकायचाच नव्हता. यांनी परस्पर ठरवलं, मला चारचौघांत नाही म्हणता आलं नाही. मला तो परत पाहिजे."

आईनं घेऊन दिला हे खरं आहे. बाकी नाही.

तिनं नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. मला वाटलं रडते की काय. मग म्हणाली, "बरं काकू. रविवारी आणून देते."

"उदगीरचा रविवार आहे तुझा."

"हाव. मास्तरांना कळवते."

एवढ्या सहज हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

५ जानेवारी, रविवार

आणून दिला. हे दुकानात होते, ते बरं झालं.

तिनं नवी गवसणी शिवून घेतलीय, आतून मऊ कापड लावून. गजाला नवे केस बांधलेत. गजाला घासायच्या राळेचा नवा खडाही सोबत दिला. चहा घेतला. नवा फ्लॅट बघितला, देवघर छान आहे म्हणाली. परत मागण्याचा विषय काढला नाही. पैसे मी तिच्यासमोरच मोबाइलवरून पाठवले. जाताना दारात थांबली, गवसणीवरून एकदा हात फिरवला आणि गेली. बसनं आली होती. तीन तास मांडीवर घेऊन.

सांजच्याला हे आले. कोपऱ्यात दिलरुबा बघितला.

"आला का परत?"

"हो."

"तिनं आपणहून दिला?"

"हो."

यांनी हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला, आणि लिंगपूजेला बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले.

८ जानेवारी, बुधवार

तिनं दोन पडदे सरकवलेत. तारही जाड लावलीय. मी हात लावला तर परक्याच्या घरात दिवा लावायला बटण शोधावं तसं झालं. बोटांची कातडी मऊ पडलीय, दहा मिनिटांत सोलवटली. गज सरळ चालत नाही.

पडदे माझ्या जागेवर आणले. तरी तो मोकळा आवाज येत नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज अर्धा तास. पिलू धरला. शेजारच्या फ्लॅटमधून कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऋतुजाचा तिळगुळाचा निरोप आला. उत्तर दिलं नाही. काय देणार?

१९ जानेवारी, रविवार

उदगीरला गेले. दिलरुबा घेऊन. सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीनं आठवेन.

रविवार मुद्दाम निवडला. मनात असं होतं, की मास्तर ओसरीवर बसलेले असतील, मी गवसणीसकट दारात दिसेन, आणि त्यांना कळेल की खरी कोण.

मास्तर बसलेलेच होते. समोर सतरंजी अंथरलेली. मी 'शरणार्थ' म्हणत पाया पडले. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "उज्वला? बा, कूड," म्हणाले. जीव भरून आला की ते कानडीतच 'ये, बस' म्हणतात, पूर्वीपासून. मी बसले. मग त्यांनी माझ्या मागं दाराकडं बघितलं.

"अन् ती पोरगी?"

नऊ वर्षांनी भेटले, आणि तिसरं वाक्य हे.

"ती येणार नाही," मी म्हणलं. "दिलरुबा मी परत घेतला."

"का?"

"माझा आहे म्हणून."

 त्यांची सून गुरम्मा पाणी घेऊन आली. तीच म्हणाली, "दोन रविवार झाले, सकाळपास्नं सतरंजी टाकून बसून राह्यलेत. पोरगी आली की आधी तुमचंच इचारायचे. उज्वला कशी हाय, काय करून राहिली. तिला बिचारीला काय माहीत असायचं न्हाई." तोंडदेखलं बोलली असेल. घरी आलेल्याला काहीतरी गोड बोलावंच लागतं.

मी शेवटी विचारलं. "मास्तर, त्या गुरुपौर्णिमेला तुम्ही मला पुरे का म्हणालात?"

"कवा?"

मी सांगितलं. साल, तिथी, पिलू, चाळीस माणसं, तबल्याचा पोरगा. ते मन लावून ऐकत होते, दुसऱ्याच कुणाची हकिगत ऐकल्यासारखं. मग मान हलवली.

"याद न्हाई गं. म्हणलो असंन. जेवणाची येळ झाली असंल."

नऊ वर्षं. मला हसूही येईना आणि रडूही.

"लाव सा," म्हणाले.

मी गवसणी काढली. तासभर नुसता सा. दुसरा सूर घेऊ दिला नाही. एकदाही "हं" नाही. मग त्यांनीच वाद्य मागितलं. डावा हात थरथरतो, आता खात्री झाली. दोन ओळी वाजवल्या आणि बोट घसरलं, तसं खाली ठेवलं.

म्हणाले, हैदराबादेत त्यांच्या उस्तादांनी त्यांना एक गत, वाद्यावरची बंदिश, दिली होती. लांब आहे, चार भागांची. कुणाला शिकवली नव्हती, कारण कुणी तेवढं थांबलं नाही. हे म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. त्यातले दोन भाग त्यांनी ऋतुजाला दिलेत.

"राहिलेले दोन मला द्या," मी म्हणलं. म्हणताना आवाज चढला.

"तुला पहिले दोन कुठं येतात?"

"तेही द्या."

त्यांनी डावा हात उचलून मला दाखवला. बोटं आपोआप हलत होती. "पहिल्यापास्नं द्यायला हा हात पुरत न्हाई आता, उज्वला. पुढचं तेवढं हुईल. ते बी लवकर."

गुरम्मानं जेवायला वाढलं. मास्तरांना ती भरवते. मी बघू शकले नाही, ताटात बघून जेवले.

बसमध्ये दिलरुबा मांडीवर. माझं वाद्य माझ्याजवळ, माझे मास्तर मला भेटले, आणि तरी ती पोरगी माझ्यापेक्षा श्रीमंत. मला जे काही होतंय त्याला हेवा म्हणतात. लिहिलं. आता खोडणार नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

यांना सांगितलं. ऋतुजाशी काय खोटं बोलले ते. तुमचं नाव लावलं, तेही. हे ताक पीत होते. पेला खाली ठेवला.

"मला दुष्ट केलंस व्हय," म्हणाले.

"हो."

"बरं. ते मी सोसतो. पण तिला सांग."

२६ जानेवारी, रविवार

समितीच्या आवारात झेंडावंदन झालं. घरी येऊन साडीही न बदलता ऋतुजाला फोन लावला. या वेळी कागद नव्हता.

म्हणलं, "यांनी परस्पर विकला नव्हता. मीच विकला. तुझ्याशी खोटं बोलले."

"माहीत होतं, काकू."

"कसं?"

"त्या दिवशी गाडीत ठेवताना काकांनी सांगितलं होतं. म्हणले, मी दोनदा नको म्हणलो, ऐकली न्हाई. हिचा जीव हाय यात. कधी परत मागितला तर वाईट वाटून घेऊ नको."

म्हणजे हे त्या दिवशी भाजीवाल्याशी बोलत नव्हते.

"मग तेव्हाच का नाही म्हणलीस? का दिलास?"

ती म्हणाली, "तुमचा आवाज लई थरथरत होता. वाचून दाखवल्यासारखं बोलत होतात. मला वाटलं, खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलून राहिलं, म्हणजे त्याला किती पाहिजे असंल. माझ्याकडं तर महिनाभरच होता." मग म्हणाली, "रडले मी. न्हाई असं न्हाई."

मला तिचा राग येईल म्हणून वाट बघत होते. आला नाही. उलट तिचा आणखी हेवा वाटला, की असं वागायला हिला कुणी शिकवलं.

गत विसरली नाहीस ना, विचारलं. म्हणाली, रोज मनात म्हणते. लॅबमध्ये नळ्या लावताना. बोटं टेबलावर चालवते.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या बसनं नांदेड. हे स्टँडवर सोडायला आले, दिलरुबा खिडकीतून आत दिला. "कधी येशील?" "सांजच्याला." "वाद्यासकट?" मी गवसणीची गाठ आवळत राहिले. त्यांनी रेटलं नाही.

ऋतुजा एका खोलीत राहते. गॅस, पलंग, पुस्तकं, भिंतीला दोरीवर वाळणारे पांढरे ॲप्रन. तिनं पोहे केले. मी गवसणी काढून दिलरुबा तिच्यासमोर ठेवला.

"काकू, तुमच्याजवळच राहू द्या," म्हणाली.

"आधी वाजव. पहिले दोन भाग."

पडदे मी माझ्या जागेवर आणले होते, ते तिनं पुन्हा सरकवले. मला विचारून. तारा लावायला वेळ लागला, तरफा तर तिला अजून लागत नाहीत. मी थोडा वेळ बघत बसले, मग पुढं सरकून एक-एक खुंटी लावून दिली. तिनं ऐकून ऐकून शेवटच्या चार स्वतः लावल्या.

मग वाजवलं. मी आयुष्यात ती गत ऐकली नव्हती. मास्तरांनी एकवीस वर्षं जवळ ठेवून मला दिली नाही ती ही. पहिला भाग संपेपर्यंत माझ्या मनात फक्त एवढंच होतं, मला का नाही. दुसऱ्या भागात वरच्या सप्तकात जाताना तिचा सूर फाटला. ती थांबली, पुन्हा गेली, पुन्हा फाटला.

"इथं दरवेळी असंच होतंय," ती म्हणाली. "मास्तर म्हणतात, होईल. पण कसं ते त्यांना हातानं दाखवता येत न्हाई आता."

मला दिसत होतं कसं. पहिल्या व्हिडिओपासून दिसत होतं. गज घोडीच्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या, फार जवळ, आणि वर जाताना कोपर अंगाला चिकटलेलं. एवढंच. मी गप्प बसले असते तर ती आणखी वर्षभर तिथंच अडकली असती. गप्प बसायचं मनात आलं. ते खोटं सांगणार नाही. पोह्यांची बशी उचलून मी मोरीपर्यंत गेले, ती धुतली, पालथी घातली.

परत येऊन तिच्या मागं बसले. तिचं मनगट माझ्या हातात धरलं, कोपर अंगापासून बाजूला केलं, गज दोन बोटं वर आणला.

"आता जा वर," म्हणलं.

ती गेली. सूर लागला, आणि नुसता लागला नाही, खालच्या सगळ्या तरफा एकदम बोलल्या. त्या वाद्यातून मी तो आवाज कधी काढला नव्हता. तिचं मनगट माझ्या हातात होतं म्हणून तो मला बोटांपर्यंत जाणवला. हेवा वाटला. पूर्वीचाच, ओळखीचा.

ऋतुजा वळून माझ्याकडं बघत होती. काही बोलायच्या आधी तिला माझा चेहरा वाचायचा असावा.

"हं," मी म्हणलं. "पुन्हा एकदा."